सायकल जुनी केव्हा होते?

बारीक टायरची, वळलेल्या हँडलची शर्यतीची सायकल किती वर्षांनी बदलावी? वर्षांत उत्तर द्यायला गेलो की आपण फसतो. सायकलचा प्रत्येक भाग आपापल्या गतीने झिजतो.

आधी झिजते ती चेन. ‘चेन ताणली गेली’ असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्या भोवतीचा भाग तेलात मिसळलेल्या धुळीने घासला जातो. दोन पिनांमधले अंतर मुळात अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. प्रत्येक जोडात जेमतेम ०.०६ मिलिमीटर झीज झाली, तरी २४ जोडांची मिळून ती दीड मिलिमीटर होते. शाळेतल्या चेनकव्हर नसलेल्या कोणत्याही सायकलवर हे मोजता येईल. चेन ताठ करून मोजपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावा आणि तिच्यापुढची चोविसावी पिन पाहावी. ती १२ इंचांवर हवी. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलावी. १/८ इंच गेली असेल तर दातेरी चक्रेही त्या चेनच्या मापाने झिजलेली असतात आणि नवी चेन त्यांवरून घसरते. खर्च वाढतो तो इथे.

सांगाड्याचा प्रश्न वेगळा. पोलादात एका मर्यादेखालचे ताण लाखो वेळा आले तरी भेग पडत नाही. ॲल्युमिनिअमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान ताणांनीही कालांतराने शिणवटा येतो. म्हणून त्याच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या करून ताण कमी ठेवतात. कार्बन तंतूंचा सांगाडा शिणवटा चांगला सोसतो, पण जोराच्या आघाताने आतले थर सुटले तर रंगाखाली ते दिसत नाही. असा सांगाडा आपटल्यावर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय त्यावर बसू नये.

मग धडधाकट सायकली का बदलल्या जातात? डिस्क ब्रेकचे उदाहरण घ्या. व्यावसायिक रस्ता-शर्यतींत त्यांना २०१८ मध्ये रीतसर मान्यता मिळाली. हा ब्रेक चाकाच्या आसाजवळ बसतो; त्यासाठी सांगाड्यावर खास बैठक लागते, ती जुन्या सांगाड्यावर नसते. साहजिकच ब्रेकसाठी अख्खी सायकल बदलावी लागते! पावसात, घाटाच्या उतारावर या ब्रेकचा फायदा खरा आहे. कोरड्या सपाट रस्त्यावर मात्र, आमच्या मते, रिमवरचे रबरी ब्रेक पुरेसे आहेत. त्यांनी रिमची कड झिजते एवढेच. अनेक रिमांवर त्यासाठी बारीक खाच कोरलेली असते आणि ती बुजली की रिम बदलायची असते.