शेवटची शू कधी झाली?

मे महिना, दुपारचे साडेतीन. एका मोठ्या मनोरंजन उद्यानात आम्ही सकाळपासून फिरत होतो. माझा भाचा, भाचेसून, त्यांची दोन मुलं, भाच्याचे सासू-सासरे आणि मी. उद्यान कोणतं ते सांगत नाही, कारण चूक सगळी आमची होती. सकाळी फाटकातून आत शिरल्यापासून माकडासारखा उड्या मारणारा चार वर्षांचा धाकटा आता बापाच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. "दमलाय बिचारा," भाचेसून म्हणाली. "झोपू दे, तेवढ्यात आपण समोरची रांग उरकून घेऊ," भाचा म्हणाला. आणि सरकारी रुग्णालयात पंचवीस वर्षं काढलेली मी, मीसुद्धा म्हणाले, "हो, झोपू दे."

पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्या गालाला हात लावला तर चटका बसावा इतका गरम. ओठ सुकलेले. हाक मारली की डोळे उघडायचा, "आजी" म्हणायचा आणि पुन्हा मिटायचा. मी त्याच्या आईला विचारलं, "याची शेवटची शू कधी झाली?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं सासूबाईंकडे. हिशेब लागला तो असा : सकाळी आठला, घरून निघताना. म्हणजे साडेसात तास. त्या साडेसात तासांत त्यानं पाच राइड केल्या होत्या, दोन आइस्क्रीम खाल्ली होती आणि एक लाल रंगाचं थंड पेय प्यायलं होतं. पाणी किती प्यायला, हे कुणालाच सांगता येईना.

ही गोष्ट लिहायची लाज वाटते. पण दर सुट्टीत आमच्या बाह्यरुग्ण विभागात अशी दोन-चार मुलं येतात आणि प्रत्येक वेळी आई-वडिलांचं वाक्य तेच असतं : "डॉक्टर, आम्हाला वाटलं दमलाय."

या भागातल्या माणसांना जत्रा नवीन नाही. साजगावची बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीपासून भरते. सुक्या मासळीचा बाजार, खेळणी, मिठाई आणि आकाशपाळणे. लहानपणी आम्ही त्या पाळण्यात बसायचो ते ऊन उतरल्यावर, अंगात स्वेटर घालून. कार्तिकात भातकापणी आटोपत आलेली असते आणि हवेत गारवा आलेला असतो. पुढे मुंबईकडे १९८९मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं. २०१३मध्ये आपल्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं आणि सुट्टीतला एक दिवस पाळण्यांसाठी ठेवायची पद्धत घराघरांत रुजली. तक्रार काहीच नाही, मलाही आवडतं. फक्त एक गोष्ट बदलली, ती आपल्या लक्षात आली नाही. जत्रा थंडीतून उन्हाळ्यात आली आणि संध्याकाळची भरदुपारी झाली, कारण शाळेला सुट्टी मेमध्ये असते. उन्हात भटकणारी मुलं मात्र तीच, चार-पाच वर्षांची.

चार वर्षांचं मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. त्याचं वजन १५ किलोच्या आसपास. वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठ्या माणसाच्या सुमारे दीडपट. हवा गार असेल तर ही मोठी त्वचा उष्णता लवकर बाहेर टाकते, पण हवा अंगापेक्षा गरम झाली की तीच त्वचा उष्णता आत घेते. त्यात मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि धावताना दर किलोमागे उष्णता मात्र जास्त तयार होते. उंचीही कमी, त्यामुळे तापलेल्या फरसबंदीची धग त्यांच्या तोंडाशी येते. बाबागाडीत बसवलेल्या तान्ह्यावर ऊन नको म्हणून आपण ओढणी टाकतो, तेव्हा आत वाराच शिरत नाही आणि गाडीची भट्टी होते.

शिवाय आपली हवा दमट. घामाने गारवा मिळतो तो घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. तोच घाम टपकून गेला तर जवळजवळ काहीच नेत नाही, पाणी आणि मीठ तेवढं जातं. म्हणून "विदर्भात पंचेचाळीस असतं, आपल्याकडे अडतीसच तर आहे" हा हिशेब धोक्याचा. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंशांची पायरी धरतं आणि किनारपट्टीवर ३७ची. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. पारा त्या दिवशीही चाळिशीच्या खालीच होता. ती मोठी माणसं होती, "मला बरं वाटत नाही" असं सांगू शकणारी.

लहान मूल ते सांगत नाही. खेळात रमलेल्या मुलाला तहान कळतच नाही. कळली तरी समोर पाळणा फिरत असताना पाण्याची बाटली कोण मागणार? आणि आपण मोठी माणसं नकळत त्यात भर घालतो. मी स्वतः ऐकलेली वाक्यं सांगते. "आत्ता पाणी नको पिऊ, रांगेत शू लागली तर नंबर जाईल." "इथलं स्वच्छतागृह लांब आहे." "घरी गेल्यावर कर." तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे म्हणून पाणी तोडायचं, हा व्यवहार कुणीही ठरवून करत नाही, पण दर सुट्टीत होतो. मुलींच्या बाबतीत तर जास्तच. दिवसभर लघवी धरून ठेवलेल्या मुली दोन दिवसांनी जळजळ आणि ताप घेऊन येतात.

किती पाणी लागतं? १९५७ साली हॉलिडे आणि सेगर या दोन डॉक्टरांनी मांडलेला हिशेब आजही आमचे निकाऊ डॉक्टर तोंडपाठ करतात. पहिल्या १० किलो वजनाला दर किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोंना दर किलोमागे ५०. म्हणजे १५ किलोच्या मुलाला दिवसाला सव्वा लिटर. हा हिशेब रुग्णालयात पलंगावर पडून असलेल्या मुलाचा आहे. उन्हात धावणाऱ्याला अर्थातच जास्त लागेल. पण मापं विसरली तरी चालेल. दर वीस मिनिटांनी, मागो न मागो, पाच-सहा घोट द्यावेत आणि दर तीन-चार तासांनी शू होते की नाही ते बघावं. रंग फिका पिवळा असेल तर ठीक. चहासारखा गडद असेल तर सावलीत बसवून आधी पाणी पाजावं. सहा तास झालीच नसेल तर त्या दिवसापुरत्या राइड संपल्या, मग तिकीट कितीचंही असो.

पाण्याऐवजी काय, हा पुढचा प्रश्न. ताक, लिंबू सरबत, कोकम, पन्हं, सगळं चांगलं. चिमूटभर मीठ हवं आणि साखर बेताची. कोलासारख्या पेयात लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये ग्लुकोज लिटरमागे साडेतेरा ग्रॅम. साखर आणि मीठ या ठरलेल्या प्रमाणात असले तरच आतडं पाणी भराभर आत ओढतं. १९७१च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर हजारो कॉलराग्रस्तांना जगवलं. दुकानात मात्र गोड पेयांच्या खोक्यांवरही 'ओआरएस' असं ठळक छापलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, प्रमाणात नसलेल्या पेयांवर ते नाव वापरायला बंदी घातली. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पाकिटं आणावीत आणि पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावं. "थोडी पावडर, थोडं पाणी" असं करू नये, प्रमाण बिघडतं. खिशात कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. त्याने अपाय होत नाही आणि उपायही.

धाकट्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याला आम्ही उद्यानाच्या वातानुकूलित प्रथमोपचार खोलीत नेलं. कपडे काढले, साध्या नळाच्या पाण्याने अंग ओलं केलं आणि वारा घातला. बर्फाचा हट्ट नको, नळाचं पाणी आणि वारा पुरतो. तो नाव विचारल्यावर नीट उत्तर देत होता, गिळत होता, म्हणून चमच्याने ओआरएस सुरू केलं. भाचेसून पर्समधून पॅरासिटामॉलची बाटली काढायला लागली, तिला थांबवलं. तापात मेंदूच शरीराचं तापमान चढवून ठेवतो आणि पॅरासिटामॉल ते खाली आणतं. उन्हाने तापलेल्या अंगावर त्याचा काही उपयोग होत नाही. पाऊण तासाने पठ्ठ्यानं डोळे नीट उघडले आणि "शू" म्हणाला. एवढा आनंद त्या दिवशी कुठल्याही पाळण्यात झाला नव्हता.

तो शुद्धीवर होता म्हणून निभावलं. मूल असंबद्ध बोलायला लागलं, ओळखेनासं झालं, झटका आला, सारख्या उलट्या झाल्या किंवा अंग भाजत असूनही हाकेला ओ देईना, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंग ओलं करणं चालू ठेवून १०८ला फोन करावा. रुग्णालयात पोचेपर्यंत वाया गेलेलं प्रत्येक मिनिट मेंदूला भोवतं.

परतीच्या वाटेवरचा एक धोका वेगळा सांगते. मूल मागच्या सीटवर झोपलं आहे, उठवलं तर रडेल, आपण पटकन वडे घेऊन येऊ असा विचार करून गाडीत त्याला एकटं सोडतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, बाहेर २२ अंशांची सुखद हवा असतानाही बंद गाडीतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी वाढलं होतं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काच बोटभर खाली ठेवण्याने फारसा फरक पडला नाही. मेमधल्या खोपोलीचा हिशेब तुम्हीच करा. मूल रडलं तर रडू दे, कडेवर घेऊन वडे आणा.

जलउद्यानाबद्दल थोडक्यात. क्लोरीनने बहुतेक जंतू मिनिटांत मरतात, पण जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यात दिवसेंदिवस तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात सोडू नये आणि आपल्या मुलाला ते पाणी पिऊ देऊ नये. तलावाकाठी येणारा उग्र वास क्लोरीनचा आणि म्हणून स्वच्छतेचा, अशी समजूत आहे. क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळल्यावर तयार होणाऱ्या क्लोरामिनचा तो वास असतो. आणि पाणी गुडघाभर असलं तरी लहान मूल त्यात आवाज न करता बुडतं. मोबाइल खिशात ठेवून हाताच्या अंतरावर उभं राहावं. राइडच्या दारातल्या उंचीच्या पट्टीशी वाद घालू नये, हेही जाता जाता. ती वयासाठी नसते. मांडीवरचा अडसर ज्या शरीराला घट्ट बसतो ते शरीर किती उंच, एवढंच ती मोजते. पट्टीपाशी टाचा उंचावायला शिकवणारे आजोबा मी पाहिले आहेत.

यंदा भाचा पुन्हा मुलांना घेऊन गेला. या वेळी सकाळी फाटक उघडताच आत, साडेबारा ते चार सावलीत आणि वातानुकूलित खेळांत, मग ऊन उतरल्यावर उघड्यावरचे पाळणे. मी दवाखान्यात होते. दुपारी फोन वाजला, पाहिलं तर त्याचा निरोप : "आत्या, ११.४०, धाकट्याची झाली. थोरलीची १२.०५. आता तुझं जेवण झालं का ते सांग."