शेवटचं पाणी फुलाला

मैत्रिणींनो, २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि इथे आपलं सूर्यफूल तेल कडाडलं, आठवतंय ना? मग चांदवडला सगळं रान कांद्यालाच का? चार गुंठे घरापुरतं सूर्यफूल लावून बघा.

पाऊस लहरी झालाय, उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. सूर्यफुलाचं सोटमूळ खोल जातं, थोडी ओढ सोसतं. पण कळी धरताना, फुलताना, दाणा भरताना ओल हवीच. नाहीतर फूल ताटाएवढं नि दाणे पोचट! दोनच पाळ्यांचं पाणी असेल तर ते तेव्हासाठी राखा. वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर थांबा.

फुलोऱ्यात सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून फुलांवरून अलगद फिरवा, मधमाश्या कमी असल्या तरी दाणा भरतो. पोपटांवर मात्र पहारा ठेवावा लागतो बरं!