उन्हापासून लपलेल्या जागा

भातकापणीच्या दिवसांत कर्जत-खालापूरकडे गेलात, तर भर उन्हात अनवाणी राबणारी माणसे तुम्हांला दिसतील. त्यांची पाठ रापते, पण तिच्यावर कर्करोग क्वचितच होतो. असे का?

कातडीतील रंगपेशींची संख्या गोऱ्या-काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी तयार करतात त्या मेलॅनिनच्या कणांत. हे कण पेशीकेंद्रावर छत्रीसारखे पसरून अतिनील किरण अडवितात.

मात्र ही छत्री उन्हापुरतीच! मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर व बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. नेसण वर्षानुवर्षे एकाच जागी काचते. घाम आणि मळ साचतो. कातडी काळी, जाड होते, भेगाळते, चिघळते. जखम भरून काढण्यासाठी पेशी पुन्हापुन्हा विभागतात आणि एखादे वेळी त्या विभाजनाचा लगामच सुटतो. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही, परकराच्या नाडीखाली, हाच रोग आढळला. नाडी रुंद व सैल ठेवली तरी काच कमी होतो, इतका साधा हा उपाय!

रंगपेशींचा कर्करोग, मेलॅनोमा, सावळ्या माणसांत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणून आजोबांच्या तळपायावर वाढत जाणारा काळा डाग, नखावर रुंदावणारी काळी रेघ, कमरेवर किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावर महिनाभरात न भरलेली जखम दिसली, तर ‘काटा रुतला असेल’ म्हणून पाला बांधू नका, डॉक्टरांना दाखवा. कातडीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान होते. लवकर सापडलेला रोग बहुधा शस्त्रक्रियेने समूळ काढता येतो.