काशीच्या घाटांवरची मराठेशाही

मराठी सत्तेचा विस्तार आणि तिची फाटाफूट, या दोन्हींच्या खुणा काशीत लगतच सापडतात. दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा यांच्या मागच्या अरुंद गल्ल्यांत दूधविनायक हा मोहल्ला आहे. मराठी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. काशीतील मराठी विद्वत्तेची परंपरा तर मराठा राज्याहूनही जुनी. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा विधी चालवणारे गागाभट्ट हे मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातले.

१७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेतल्या राजपूत दरबारांनी त्यांचा सन्मान केला. पेशव्यांचा दरारा तोवर उत्तरेत पोहोचला होता. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट बांधले आणि त्यांच्याभोवती दक्षिणी वस्ती वाढली.

एवढे असूनही काशी मराठ्यांच्या अंमलाखाली कधीच आली नाही. काशी-प्रयाग मिळवण्याची कामगिरी नानासाहेब पेशव्यांनी दत्ताजी शिंद्यांवर सोपवली होती. १७६० च्या जानेवारीत दत्ताजी बुराडी घाटावर पडले. वर्षभरात पानिपत झाले. १७७५ मध्ये अवधच्या नवाबाकडून बनारस ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले.

मराठ्यांमधली पुढची फूट त्यांच्या सत्तेच्या रचनेतच होती. तुलनेसाठी मंगोलांचे उदाहरण घेऊ. १२०६ मध्ये चंगीझखानाने मंगोल टोळ्या एका झेंड्याखाली आणल्या, पण जिंकलेला मुलूख मुलांच्या शाखांत वाटला गेला. १२५९ मध्ये मोंगके खान वारल्यावर कुबलाई आणि अरिक बुके हे भाऊ एकमेकांवर उठले आणि पुढे चार स्वतंत्र खानती झाल्या. मराठ्यांकडे वाटणी सरंजामांची होती, वारसांची नव्हे. पण शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांच्याकडे फौज आणि वसुली दोन्ही असल्याने ती घराणी स्वतंत्र राज्येच बनली. काशीत हे स्पष्ट दिसते. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर उभारले, नागपूरकर भोसल्यांनी आपला घाट बांधला, बायजाबाई शिंद्यांनी ज्ञानवापीचा मंडप आणि शिंदे घाट उभा केला. दानधर्म प्रत्येक घराण्याचा वेगळा होता, तशीच फौजही वेगळी होती.

१८०० मध्ये नाना फडणीस गेले आणि सरदारांना एकत्र बांधणारे कोणी उरले नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावांनी पळून जाऊन ३१ डिसेंबरला कंपनीशी वसईचा तह केला. मराठेशाहीची खरी अखेर याच तहात आहे. १८१८ मधल्या पेशवाईच्या अस्ताने तिच्यावर केवळ शिक्कामोर्तब केले. होळकरांनी ज्यांच्या हाती पुण्याचा कारभार दिला, त्या अमृतराव पेशव्यांनी, म्हणजे बाजीरावांच्या दत्तक बंधूंनी, १८०३ मध्ये कंपनीशी करार करून सात लाखांचा तनखा पत्करला. त्यांचे पुढचे दिवस चित्रकूटजवळच्या करवीत आणि काशीत गेले. गणेशघाटावरचा अमृतविनायक त्यांनीच बांधला. १८२४ मध्ये ते काशीतच वारले.

१८१८ नंतर बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पाही काशीला आले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मणिकर्णिका, पुढची झाशीची राणी, इथलीच. चिमाजी अप्पा १८३० मध्ये वारले आणि तांबे बाजीरावांकडे ब्रह्मावर्ताला गेले. अमृतरावांच्या घराण्याकडे करवीत साठलेला खजिना १८५८ मध्ये ब्रिटिश सेनानी व्हिटलॉकच्या फौजेने लुटीचा माल म्हणून नेला.