नॉर्मल आला, तरी उद्या परत का?

होस्टेलवर कुणाला इन्फेक्शन झालं की ताप येतो, अंग दुखतं आणि अख्ख्या विंगला बातमी कळते. नवजात बाळाचं तसं नसतं. जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. दूध कमी पिणं, मलूल होणं, श्वास जलद होणं, एवढीच लक्षणं, आणि तीही इतर कारणांनी दिसतात. मात्र संसर्ग खरा असेल तर काही तासांत जिवावर बेततं.

मग रक्तात थेट जंतूच का शोधत नाहीत? शोधतात. त्याला ब्लड कल्चर म्हणतात. पण जंतू वाढून दिसायला बहुधा एक-दोन दिवस जातात. शिवाय तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर! त्यातून एखादा मिलिलिटर घेतात. त्यात जंतू सापडले नाहीत म्हणून संसर्ग नाहीच, असं म्हणता येत नाही.

म्हणून डॉक्टर शरीराची प्रतिक्रियाही मोजतात. माझ्या भाच्याच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "सीआरपी नॉर्मल आहे, उद्या परत करू." नॉर्मल आहे तर परत कशाला, हे मला कोडंच होतं. उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात निघालं: रिस्पॉन्स टाइम.

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात शोधलं. संसर्गाचा इशारा मिळाला की यकृत ते तयार करतं. पण पातळी चढायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस. त्यामुळे सुरुवातीचा एकटा नॉर्मल रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. २४ तासांच्या अंतराने दोनदा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत आला, तर मात्र संसर्ग नसण्याची शक्यता खूप मोठी. सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे १९ तास असल्याने संसर्ग आटोक्यात आला की आकडा भराभर उतरतो, म्हणजे उपचारांवरही लक्ष ठेवता येतं. खोटा अलार्मही वाजतो बरं का. अवघड बाळंतपणानंतर संसर्ग नसतानाही सीआरपी वाढू शकतं.

दुसरा मार्कर प्रोकॅल्सिटोनिन. हा दोन-चार तासांतच चढू लागतो. पण गंमत अशी, की जन्मानंतरचे पहिले दोन दिवस तो निरोगी बाळातही वाढलेला असतो! म्हणून बाळ किती तासांचं आहे ते पाहूनच आकडा वाचावा लागतो. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात याच्या आधाराने अँटिबायोटिक्सचा काळ सरासरी ६५ तासांवरून ५५ तासांवर आला. विनाकारण दिलेलं अँटिबायोटिक पोटातले उपयोगी जंतू मारतं आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढवतं, म्हणून हे दहा तासही मोलाचे.

मित्रांनो, घरात तान्हं बाळ असेल आणि ते अचानक दूध ओढेनासं झालं, तर ताप यायची वाट पाहू नका. आधी दवाखाना गाठा.