कॉक्लियर इम्प्लांट: शस्त्रक्रियेआधीची चित्रे काय सांगतात?

बंगळुरू – जन्मतः तीव्र कर्णबधिर असलेल्या बालकाला श्रवणयंत्राचा पुरेसा उपयोग होत नसल्यास कॉक्लियर इम्प्लांटचा पर्याय सुचविला जातो. बंगळुरूतील असो वा मुंबईतील, कोणत्याही रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी बालकाचे सीटी स्कॅन आणि एमआरआय केले जाते. श्रवणचाचण्यांमध्ये बहिरेपणा सिद्ध झालेला असताना या तपासण्या कशासाठी, असा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. मात्र शस्त्रक्रिया करावी का, कोणत्या कानावर करावी आणि किती तातडीने करावी, याचा निर्णय बव्हंशी या चित्रांवरच अवलंबून असतो.

यंत्राचे कार्य

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा कर्णावर्त असतो. ध्वनिलहरींचे विद्युतसंदेशांत रूपांतर करणाऱ्या त्यातील सूक्ष्म पेशी निकामी झाल्यास इम्प्लांट त्यांचे काम करते. इम्प्लांटची तारेसारखी इलेक्ट्रोड-मालिका कर्णावर्तात सरकविली जाते आणि ती श्रवणाच्या मज्जातंतूला थेट उद्दीपित करते. त्यामुळे तार बसविण्यास जागा आणि संदेश वाहून नेणारा मज्जातंतू या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

दोन तपासण्या, दोन प्रश्न

सीटी स्कॅनमध्ये हाडांची रचना स्पष्ट दिसते. कानामागील हाडातून कर्णावर्तापर्यंत जाणारा मार्ग चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जातंतूच्या अगदी जवळून जातो. त्याला इजा झाल्यास चेहरा वाकडा होण्याचा धोका असतो. हा मज्जातंतू नेहमीच्या ठिकाणाहून सरकलेला आहे काय, मोठी रक्तवाहिनी वाटेत येते काय, हे शल्यविशारदाला आधीच कळते. कर्णावर्ताची लांबी प्रत्येकात वेगळी असल्याने योग्य लांबीची इलेक्ट्रोड-मालिका निवडण्यासही या चित्रांची मदत होते.

एमआरआयमध्ये कर्णावर्तातील द्रव आणि श्रवणाचा मज्जातंतू दिसतो. लहान मूल बराच वेळ स्थिर राहू शकत नसल्याने या तपासणीसाठी बहुधा गुंगीचे औषध अथवा भूल द्यावी लागते. इम्प्लांटमध्ये चुंबक असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर एमआरआयवर मर्यादा येतात आणि त्या भागाचे चित्रही झाकोळते. म्हणूनच आधीच्या चित्रांचे मोल अधिक आहे.

रचनेतील दोष

इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ कार्लो मोंदिनी यांनी १७९१ मध्ये एका कर्णबधिर मुलाच्या कानाचे विच्छेदन केले, तेव्हा कर्णावर्ताला केवळ दीड वेढा आढळला. असे दोष त्या काळी मृत्यूनंतरच उमगत. आता ते शस्त्रक्रियेआधी दिसतात. जन्मजात बहिरेपणा असलेल्या साधारण पाचांपैकी एका बालकात हाडांच्या रचनेतील दोष चित्रांत आढळतो. काही दोषांमध्ये कर्णावर्त उघडताच मेंदूभोवतीचा द्रव वेगाने बाहेर येऊ शकतो. पूर्वसूचना असल्यास शल्यविशारद त्याची तयारी ठेवतात.

विलंब केव्हा महागात पडतो?

मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हणजे मेनिंजायटिस, झाल्यानंतर बहिरेपणा आल्यास कर्णावर्तात प्रथम तंतुमय ऊती आणि नंतर हाड तयार होऊ लागते. ही प्रक्रिया काही आठवड्यांतच सुरू होऊ शकते. हाड तयार झाल्यावर ते सीटी स्कॅनमध्ये दिसते. त्याआधीचा बदल एमआरआयमध्ये लक्षात येतो. अशा रुग्णांत वाट पाहणे म्हणजे तार सरकविण्याचा मार्ग बंद होऊ देणे होय.

मज्जातंतूचा अभाव असल्यास

काही बालकांत श्रवणाचा मज्जातंतू अतिशय बारीक असतो, तर काहींत तो दिसतच नाही. एका बाजूचा मज्जातंतू अधिक चांगला असल्यास सहसा त्या कानाची निवड केली जाते. कर्णावर्त अथवा मज्जातंतू अस्तित्वातच नसल्यास कॉक्लियर इम्प्लांट निरुपयोगी ठरते. तेव्हा निवडक रुग्णांसाठी थेट मेंदूच्या खोडावर बसविल्या जाणाऱ्या इम्प्लांटचा विचार होतो. पालकांसाठी हे ऐकणे क्लेशदायक असले, तरी निष्फळ शस्त्रक्रिया आणि खोटी आशा टळते.

खर्च आणि वय

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार पात्र बालकांच्या इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे त्याच्या समन्वयाचे काम सोपविण्यात आले. कर्नाटकात राज्य शासनाची 'श्रवण संजीवनी' योजनाही आहे. मेंदूची भाषा ग्रहण करण्याची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. त्यामुळे बहिरेपणाची शंका येताच चाचण्या करून घेणे आणि चित्रांचा अर्थ डॉक्टरांकडून समजावून घेणे पालकांच्या हिताचे आहे. शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ वाचा-प्रशिक्षण आवश्यक असते.