धनुर्वात : जखम लहान, विष जहाल

शेतात अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा रुतणे ही खेड्यापाड्यांत नित्याची गोष्ट आहे. काटा काढला की माणूस पुन्हा कामाला लागतो, आणि बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतेही. त्वचेच्या तटाला भगदाड पडून जंतू आत शिरले की रक्ताचा ओघ त्या जागी वाढतो व रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळू लागतात. जखम लाल होते, सुजते, ठणकते ती या झुंजीमुळेच. ज्या पुवाला पाहून आपण नाक मुरडतो, तो झुंजीत कामी आलेल्या पेशींचा व जंतूंचा अवशेष होय.

धनुर्वाताचा जंतू मात्र या बंदोबस्ताला चकवा देतो. तो मातीत, विशेषतः शेणखत पडलेल्या जमिनीत, बीजाणूच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतो. प्राणवायू त्याला मानवत नाही. म्हणून उघड्या, वाहत्या जखमेपेक्षा खिळ्याने वा काट्याने पडलेले खोल, अरुंद छिद्र त्याला सोयीचे. तेथे तो वाढतो, पण शरीरभर पसरत नाही. पसरते ते त्याचे विष. मज्जातंतूंच्या मार्गाने ते मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि स्नायूंना आवर घालणारी यंत्रणाच बंद पाडते. प्रथम दातखीळ बसते, मान ताठते. पुढे जराशा आवाजाचे निमित्त होऊन असे आचके येतात की पाठ धनुष्यासारखी वाकते. सुश्रुतसंहितेतील धनुःस्तंभ हे नाव किती यथार्थ आहे! लक्षणे बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसू लागतात. तोवर काट्याचा विसरही पडलेला असतो.

१८८९ साली बर्लिन येथे जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो किटासाटो यांनी हा जंतू शुद्ध स्वरूपात वाढविला. पुढच्याच वर्षी त्यांनी व एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवून दिले की, विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य असते. शरीराच्या संरक्षणाची ही दुसरी, अधिक नेमकी फळी म्हणजे प्रतिपिंडे. परंतु येथे एक विलक्षण अडचण आहे. जीव घेण्यास पुरेसे विष इतके अल्प असते की, प्रतिपिंडे निर्माण व्हावीत एवढी त्याची चाहूलच शरीराला लागत नाही. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. धनुर्वाताचे तसे नाही. त्यातून बऱ्या झालेल्या रोग्यालाही लस घ्यावीच लागते. लस म्हणजे फॉर्मलिनने मारकशक्ती काढून घेतलेले हेच विष.

जखम झाल्यावर टोचून घेण्यासाठी धावणारे पुष्कळ. मात्र पूर्वी लस न घेतलेल्याच्या शरीरात एका मात्रेने तत्काळ संरक्षण तयार होत नाही. अशा वेळी जखम खोल व मळकी असेल तर डॉक्टर तयार प्रतिपिंडांचेही इंजेक्शन देतात.

बाळाची नाळ विळ्याने कापून तिला शेण वा राख लावण्याच्या चालीपायी एके काळी असंख्य अर्भके या रोगाने दगावली. गरोदर मातेला लस दिली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. हे लसीकरण व स्वच्छ बाळंतपण यांच्या बळावर माता व नवजात अर्भके यांच्यातील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. अर्थात जंतू मातीत आहेच. बालपणी लस न मिळालेल्या वयस्क शेतकऱ्याने व शेतमजुराने चार आठवड्यांच्या अंतराने दोन आणि त्यानंतर किमान सहा महिन्यांनी तिसरी, अशा मात्रा जखमेची वाट न पाहता घ्यावयाच्या असतात.